आईला मॅनेजरपदावरून कसं काढायचं?

आधी तुझ्या पत्रातला प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुला तपासता येईल. तू २० वर्षांची आहेस. सहाव्या वर्षी पहिली जाहिरात केलीस, मग मालिका. आई तुला घेऊन नाशिकहून मीरा रोडला भाड्याच्या घरात आली, बाबा आणि धाकटा भाऊ तिकडेच राहिले. दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, झाली. आजही कोऑर्डिनेटरचे, म्हणजे कमिशनवर काम मिळवून देणाऱ्याचे, फोन आईलाच जातात, पैसे तुम्हा दोघींच्या जॉइंट खात्यात येतात, नंतर मीरा रोडलाच घेतलेलं घर आईच्या नावावर आहे. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, रात्री फोन आईकडे द्यायचा. तू रेग्युलर कॉलेजचं नाव काढलंस तेव्हा आई काही दिवस बोललीच नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, ‘तुझ्यासाठी मी माझं आयुष्य मातीत घातलं.’ यावर तू विचारतेस: मी कृतघ्न आहे का? आणि अभिनय सोडू की नको?

मी समुपदेशक आहे. गोरेगाव ते ठाणे या पट्ट्यात राहणारी, मालिका आणि रिअॅलिटी शो करणारी मुलं आणि त्यांचे पालक बरीच वर्षं माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगते की तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज मिळणार नाहीत. त्यांच्याखाली तिसरा प्रश्न दबलाय आणि तो आधी सोडवावा लागेल. तुझ्या घरात आई आणि मॅनेजर एकाच बाईच्या अंगात आहेत. मॅनेजरशी वाद घातला की आई रुसते. आईजवळ रडायला जावं, तर मॅनेजर उद्याचा कॉल टाइम सांगते. हे दोन हुद्दे वेगळे झाल्याशिवाय तुला आईबद्दल नक्की काय वाटतं आणि कामाबद्दल काय वाटतं, हे तुझं तुलाच कळणार नाही.

साधारण घरात मुलगी १३-१४ वर्षांची झाली की आईशी भांडायला लागते. फोनवरून, कपड्यांवरून, मैत्रिणींवरून. दारं आपटली जातात, दोघी रडतात, हळूहळू आईचा हात सैल होतो. ते भांडण परवडतं, कारण त्यावर घराचा हप्ता अवलंबून नसतो. तुझ्या घरात तुझ्या ‘नाही’ची किंमत रुपयांत होती. तू १४ व्या वर्षी सेटवर जायला नकार दिला असतास तर त्या महिन्याचं भाडं, भावाची फी, सगळंच अडलं असतं, आणि हे तुला तेव्हाही कळत होतं. म्हणून ते भांडण राहून गेलं. बाकीच्या मुली १४ व्या वर्षी करतात ते तू आज करते आहेस, आणि मधल्या काळात पैसा, करार, घर एवढा पसारा वाढलाय. त्यामुळे साध्या कॉलेजच्या विषयानेही घर हादरतं. यात कृतघ्नपणा कुठे आला?

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण पत्रात सगळं येत नाही. घरात मारहाण होत असेल, तुला कोंडून ठेवलं जात असेल, किंवा तुझी कागदपत्रं मागूनही मिळत नसतील, तर पुढचं सगळं बाजूला ठेव. आधी सुरक्षित जागी जा आणि महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनला फोन कर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मुलीलाही आहे, आणि कमाई हिसकावून घेणं, आर्थिक कोंडी करणं हाही त्या कायद्यात हिंसाचारच धरलाय. बाबा कोणत्या बाजूला उभे राहतील, सध्याचा करार किती महिन्यांचा आहे, भावाचं शिक्षण कुठवर आलंय, यावरही वेग ठरेल. मी पुढे लिहितेय ते हे धरून, की आई कडक आहे, घुसमटवणारी आहे, पण तिच्यापासून तुझ्या जिवाला धोका नाही.

आईबद्दल थोडं. तिचा त्याग खोटा नाही. नोकरी सोडून, नवऱ्यापासून लांब, दुसऱ्याच्या मेकअप रूमच्या कोपऱ्यात डबा घेऊन वर्षानुवर्षं बसणं सोपं नसतं. फिल्मसिटीत, मढला, घोडबंदर रोडच्या बंगल्यांत अशा कितीतरी आया दिसतात. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. ‘अमुकची मम्मी’ हीच ओळख. तू कॉलेजला जाणार म्हणतेस तेव्हा तिच्या कानावर पडतं की आता तिची नोकरी, ओळख आणि ओळखीची माणसं एकदमच जाणार. तिचा राग तिथून येतो. तो समजून घे, पण त्यावर उपाय शोधणं तुझ्याकडे घेऊ नकोस. घरातल्या मोठ्यांची समजूत काढण्याचं काम तू लहानपणापासून करत आली आहेस, आणखी एक पाळी कशाला?

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. सेटवर अशा आईची सगळ्यांनाच सोय असते. ‘मम्मी फार सहकार्य करतात’ हे वाक्य तू किती वेळा ऐकलं असशील! ताप असतानाही मुलीला उभी करणारी, शिफ्ट लांबली तरी न बोलणारी, परीक्षेच्या तारखा पुढे न करणारी आई प्रॉडक्शनला हवीच असते. तेव्हा झालेल्या सगळ्याचा हिशेब एकट्या आईच्या खात्यावर मांडू नकोस. कायदा काय म्हणतो ते बघ. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला मनोरंजन क्षेत्रात काम करू देण्यासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. शिक्षणाची सोय निर्मात्याने करायची. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आता तुझे डेली सोपचे दिवस आठव. तेव्हा घड्याळाकडे बघणं हे एकट्या आईचं काम नव्हतं.

त्याच नियमांत पैशाबद्दलही एक तरतूद आहे. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत आणि ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळावेत. तुझ्या वयाचा हिशेब केला तर २०१७ च्या मध्यापासून तू १४ वर्षांची होईपर्यंत केलेल्या कामाला हा नियम लागू होतो. म्हणजे तुझ्या नावावर अशी ठेव कुठेतरी असायला हवी. असेलच असं मी म्हणत नाही, पण विचारायचा हक्क तुला आहे. उरलेल्या ८० टक्क्यांबद्दल हे नियम गप्प आहेत. पालकाने अज्ञान मुलाच्या हितासाठी वागावं एवढं सर्वसाधारण तत्त्व कायद्यात आहे, पण घरभाडं आणि भावाची फी हे तुझ्या हितात बसतं का, यावर दोन वकील दोन दिशांनी बोलतील.

असं घडलेली तू पहिली नाहीस. चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला छोटा मुलगा जॅकी कूगन तेव्हा जगभर गाजला. त्याची बालपणातली कमाई ३० ते ४० लाख डॉलर असल्याचा अंदाज सांगतात. मोठा झाल्यावर त्याला कळलं की त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरला आणि हातात आले सुमारे १,२६,००० डॉलर. तेव्हा तिथल्या कायद्याने अज्ञान मुलाची कमाई आईबापांचीच मानली जायची. त्याच्या खटल्यामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांसाठी कायदा केला. आज तिथे कमाईतले १५ टक्के मुलाच्या नावाने बाजूला ठेवावेच लागतात. हे सांगण्याचं कारण एवढंच, की पालक मुलावर प्रेम करतात की नाही हे न विचारताच कायद्याला पैशाची वेगळी सोय करावी लागली. तूही तसंच कर. आईचं माझ्यावर प्रेम आहे का, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुरुवात कागदांपासून करायला सांगते. भावनांवर बोलायला बसलं की तुमच्या घरात आईच जिंकते, तिला सराव आहे. कागद कोणाच्या बाजूने रडत नाहीत.

पहिलं पॅन कार्ड. अज्ञान मुलाच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. १८ पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करायचं असतं, ते केलं नसशील तर कर. मग प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल नंबरने आणि ई-मेलने लॉगिन तयार कर. बहुतेक घरांत तिथे आईचा नाहीतर घरच्या सीएचा नंबर दिलेला असतो, तो बदलावा लागतो. आत गेल्यावर वर्षवार फॉर्म २६एएस, म्हणजे तुझ्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, बघ. मालिकांचे पैसे देतानाच कंपन्या त्यातून कर (टीडीएस) कापतात, त्यामुळे कोणी, कोणत्या वर्षी, किती रक्कम दिली याची नोंद तिथे असते. आईला एक शब्द न विचारता तुला कमाईचा बराचसा आराखडा मिळेल. सुपाऱ्यांचे रोख पैसे, म्हणजे दहीहंडी, मंगळागौर, दुकानांची उद्घाटनं, त्यात दिसणार नाहीत. आणि एखाद्या वर्षी तू रोज सेटवर असूनही तुझ्या नावावर काहीच दिसलं नाही, तर ते पैसे दुसऱ्या कोणाच्या पॅनवर गेले असण्याची शक्यता आहे. एरवी अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या कलेतून, कौशल्यातून मिळवलेलं उत्पन्न त्याला अपवाद आहे. ते मुलाचंच धरतात आणि त्याचं रिटर्न वेगळं भरायचं असतं. जुनी रिटर्नं सापडली तर तीही उतरवून ठेव.

दुसरं, बँक. जॉइंट खातं ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीचं असेल तर आई त्यातून पैसे काढू शकते आणि बँक तिला अडवणार नाही. त्यावरून काउंटरवर भांडू नकोस. दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाने खातं उघड, मोबाइल नंबर तुझा दे, आणि पुढच्या करारात तोच खाते क्रमांक लिही. आपल्याकडे पेमेंट ९० दिवसांनी येतं हे तू जाणतेसच. तेव्हा झालेल्या कामाचे पैसे पुढचे तीनेक महिने जुन्याच खात्यात येत राहतील. हा मधला काळ चांगला आहे असं मला वाटतं. घरखर्च एका दिवसात कोसळत नाही आणि आईला सवय व्हायला वेळ मिळतो.

तिसरं, करार. तू अज्ञान असताना आईने पालक म्हणून सह्या केल्या. १८ नंतर सही तुझीच लागते. सध्याच्या कराराची प्रत कोऑर्डिनेटरकडे स्वतः माग. तो ‘मम्मींना विचारतो’ म्हणेल. त्याला शांतपणे सांग की कलाकार मी आहे, प्रत मला पाठवा. त्याचा सूर काही आठवड्यांत बदलतो. ज्याच्या सहीने कमिशन मिळतं त्याच्याशी लोक नीट बोलायला लागतात.

मीरा रोडच्या घराबद्दल मी मत देणार नाही. ते कोणाच्या पैशाने, कोणत्या वर्षी, कसं घेतलं यावर सगळं आहे, आणि तो वकिलाचा विषय आहे. वकील आणि सीए दोघंही नवे शोध, आईच्या ओळखीतले नकोत. त्यांचा सल्ला घ्यायला जाणं म्हणजे खटला भरणं नव्हे. घरात कोणी तसा गवगवा केला तरी घाबरू नकोस.

आता आईला सांगायचं कसं. रात्री नको, शूटिंगच्या दिवशी नको, आणि ‘मला स्वातंत्र्य हवंय’ या शब्दांत तर मुळीच नको. त्या वाक्याला ती उत्तर देऊ शकते. एकच ठोस गोष्ट सांग, आकड्यासकट: ‘पुढच्या करारापासून पैसे माझ्या खात्यात येतील. घरासाठी दर महिन्याला मी इतके देईन, पाच तारखेला.’ आकडा आधी ठरवून ठेव आणि तो पाळ. आईची खरी भीती बऱ्याचदा इथे हलकी होते, कारण ‘मुलगी हातची गेली’ म्हणजे तिच्या मनात ‘उद्या घर कसं चालवू’ हेच असतं. फोन, वजन, कॉलेज हे सगळं त्याच बैठकीत काढू नकोस. एक स्थिरावलं की पुढचं.

ती बोलणं बंद करेल. मावशी, मामा, कदाचित तुझ्या पहिल्या मालिकेतल्या ताई सुद्धा फोन करतील. बीपी वाढेल, खरंही असेल. तू तिला चहा दे, गोळ्या घेतल्या का विचार, जेवायला हाक मार, पण निर्णयाबद्दल माफी मागू नकोस. आजवर तिच्या अबोल्यावर तुझी माफी हाच उपाय होता, म्हणून ती अबोलाच वापरते. आता तो चालत नाही हे एकदा दिसलं की बऱ्याच आया, खूप आदळआपट करून का होईना, नव्या व्यवहाराला सरावतात. काही सरावत नाहीत, हेही सांगून ठेवते. जीव देण्याची धमकी दिली तर ती नाटक समजून सोडून देऊ नकोस आणि एकटीने पेलूही नकोस. बाबांना लगेच कळव. १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मदत जरूर मिळवून दे, पण तेवढ्यासाठी खातं परत जॉइंट करू नकोस.

वजनकाट्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला ती सर्वांत जास्त खटकली. पाळी चुकत असेल, जेवल्यावर ओकारी काढावीशी वाटत असेल, लपून खाणं होत असेल, तर आईशी काय ठरतं याची वाट न बघता डॉक्टरकडे जा, आणि हे सगळं सांग. ‘कॅमेऱ्यावर जाड दिसते’ हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना आपण आजारी आहोत हे फार उशिरा कळतं, कारण त्यांच्या आजाराचं सेटवर कौतुक होत असतं.

राहिला अभिनय. सहाव्या वर्षापासून तू एक कौशल्य शिकलीस ते म्हणजे मॉनिटरमागे उभ्या आईचा चेहरा वाचणं. टेक बरा झाला की नाही हे दिग्दर्शकाच्या आधी तुला तिच्याकडे बघून कळायचं. त्यामुळे अभिनय आवडतो का, या प्रश्नाला तुझं मन आज जे उत्तर देईल ते आईला दिलेलं उत्तर असेल. होकार असला तरी आणि नकार असला तरी. म्हणून रागाच्या भरात मालिका सोडू नकोस, आणि ‘हेच माझं आयुष्य’ असं ठरवून दुसरा लांब करारही करू नकोस. चालू काम संपव. सेटवर आईने येणं बंद होऊ दे. तुला २० व्या वर्षी सोबतीची गरज नाही, आणि वाटलीच तर पगारी मदतनीस ठेव. मग कॉलेजात जाशील तेव्हा एकांकिकेच्या ग्रुपमध्ये शिर. पुरुषोत्तम, आयएनटी अशा स्पर्धांच्या तालमी बघितल्यास तर कळेल: तिथे दिवसाचे पैसे नाहीत, व्हॅनिटी व्हॅन नाही, सेट स्वतः उचलायचा, आणि तुला ओळखणारी पोरं पहिले आठ दिवस टिंगल करतील. तिथे रात्री उशिरापर्यंत थांबावंसं वाटलं, तर अभिनय तुझा आहे. कंटाळा आला तर तेही उत्तर आहे, आणि तोवर तुझ्या हातात पदवीचा निम्मा अभ्यास असेल. शूटिंग पूर्ण सोडणं परवडत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहेच, पण तुला हवंय ते रेग्युलर कॉलेज, आणि माझंही मत तेच. तुला पुस्तकांइतकीच बरोबरीच्या मुलांची गरज आहे, जी तुला चुकलेला टेक म्हणून बघणार नाहीत.

हे वाचणाऱ्या पालकांसाठी दोन ओळी, कारण डान्स किंवा गाण्याच्या शोमध्ये निवड झालेल्या मुलांचे आईवडील मला नेहमी विचारतात. सेटवर बसणारा पालक आणि पैसे बघणारा पालक वेगळे ठेवा. आणि मुलाने ‘आज नको’ म्हटल्यावर खरंच घरी थांबता येईल एवढा घरखर्च मोठ्यांच्या पगारातून चालू द्या. ते जमत नसेल तर मूल हौसेने काम करतंय असं म्हणू नका.

शेवटी तू विचारलंयस, हे उत्तर आईला दाखवू का? पैशाचा आणि करारांचा भाग दाखवायला हरकत नाही, पण नवं खातं चालू झाल्यावर. तिच्या ओळखीबद्दल मी जे लिहिलंय ते मात्र दाखवू नकोस. तिच्या वयाच्या कोणी मैत्रिणीने किंवा बहिणीने ते म्हटलं तर तिच्यापर्यंत पोचेल. मुलीकडून आलं तर टोमणाच वाटेल. तशी एखादी मावशी असेल तर तिला आधी विश्वासात घे.